तिसरीचा वर्ग आणि पॉडकास्ट

भांडुपमध्ये तिसरीला शिकवताना मला गवसलेली ही रीत. शिक्षकमित्रांनो, जरूर करून पाहा!

🎧 आधी ऐकणं: पाच मिनिटांची गोष्ट लावा, मध्येच थांबवून विचारा, 'पुढे काय होईल?' प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठी गोष्टी मोफत वाचता येतात. त्या आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा.

🎙️ मग बोलणं: मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. पंखा तेवढा बंद ठेवा. मुलं स्टेशनवरची घोषणा, बाजारातला गलका, आजीची आठवण टिपून आणतात. वाचताना अडखळणारं मूलही इथे खुलतं.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. आज याच शहरात प्रत्येक वर्ग स्वतःचं केंद्र चालवू शकतो!

#मराठीशाळा #पॉडकास्ट