अठरा सेकंद की तीस?

कॅन्सरच्या रुग्णाला ‘शेक’ देतात, हे आता गावोगावी माहीत आहे. कुणाची अम्मी, कुणाचे चाचा या उपचाराने बरे होऊन घरी परतले आहेत. गोळी मोजता येते, औषध चमच्याने मोजता येते. किरण मात्र ना दिसतात, ना अंगावर पडताना दुखतात. त्यांचा डोस म्हणजे कागदावरचा हिशेब. तो चुकला तर काय होते, हे मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या छोट्या देशाने पाहिले आहे.

राजधानी सान होसे येथील सान हुआन दे दिओस रुग्णालयात कोबाल्ट-६० चे यंत्र होते. कोबाल्टची ताकद सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. तो जुना झाला की रुग्णाला यंत्राखाली जास्त वेळ ठेवावे लागते; नवा बसवला की वेळ कमी करावा लागतो. २२ ऑगस्ट १९९६ रोजी तेथे नवा कोबाल्ट बसवण्यात आला. त्याची ताकद काढताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद धरले गेले. खरे तर ते होतात १८ सेकंद! अठरा सेकंदांचे किरण तीस सेकंदांत वाटले गेल्याने यंत्र आहे त्यापेक्षा कमजोर ठरले आणि प्रत्येक रुग्णाला गरजेपेक्षा जास्त वेळ शेक मिळाला.

२७ सप्टेंबरला चूक उघड झाली, तोवर ११५ रुग्णांना ठरलेल्या डोसच्या जवळपास दीडपट वा त्याहूनही जास्त किरण मिळाले होते. कुणाची त्वचा, कुणाची आतडी, कुणाचा मज्जारज्जू जायबंदी झाला. जुलै १९९७ पर्यंत त्यांतील ४२ जण दगावले. यांतील बरेच मूळ आजाराने गेले. पण काहींच्या मृत्यूला हा जादा डोसच कारणीभूत होता, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांना आढळले.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण तोच हिशेब दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे करून पाहिला असता, तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती.

हे वाचून कुणी शेक अर्धवट सोडू नये, ही आमची कळकळीची विनंती. या उपचाराने असंख्य जीव वाचतात आणि आपल्या देशात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. तरीही घरच्यांनी विचारायला संकोचू नये: एकूण किती शेक, रोज किती डोस, हिशेब दुसऱ्या तज्ज्ञाने तपासला का? थोडी लाली, थकवा येतोच. पण त्रास सांगितल्यापेक्षा फार वाढला तर पुढच्या शेकाआधीच डॉक्टरांना सांगावे. किरणोत्सारी आयोडीनचे औषध घ्यायचे असेल, तर गरोदर असल्याचे किंवा बाळ अंगावर पीत असल्याचे आधीच सांगावे.

रुग्णाचा जीव ही डॉक्टरांच्या हाती दिलेली अमानत आहे. ती जपण्यासाठी त्यांनी दोनदा मोजावे आणि आपण एकदा तरी विचारावे.