सहलीच्या वाटेवरील दूरध्वनी

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्यास जाणारा सागरी रस्ता सुमारे २५ किलोमीटरांचा आहे. अंतर फार नव्हे. तथापि हा रस्ता कधी कातळाच्या सड्यावर चढतो, तर कधी डोंगराच्या कुशीतून खाडीकाठी उतरतो. सड्यावर स्पष्ट ऐकू येणारा भ्रमणध्वनी अशा उतारावरील एखाद्या वळणावर अकस्मात मुका होऊ शकतो. सहलीस निघालेल्या शिक्षकावर गाडीभर मुलांची जबाबदारी असते. ‘फोन जवळ आहे’ एवढ्यावर विसंबून त्याला चालणार नाही.

असे का घडते, हे मुलांनाही समजावून देता येईल. जयगडच्या दीपगृहाचा प्रकाश खुल्या समुद्रावर दूरवर दिसतो. डोंगराआडच्या वाडीत तो पोहोचत नाही. मनोऱ्यावरून निघणाऱ्या रेडिओलहरींची गत बहुतांशी तशीच. त्या थोड्याफार वळतात, भिंतींतूनही काही अंशी पार होतात. परंतु मोठा डोंगर त्यांना अडवितो. म्हणून रेंज गेल्यास जागच्या जागी फोन उंच धरून फारसे साधत नाही. शक्य असेल तर उंच व मोकळ्या जागी जावे.

मनोऱ्यालाही वीज लागते. दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व मंडणगड तालुक्यांनाही मोठा तडाखा बसला. वीज गेली आणि तिच्यामागोमाग अनेक गावांचे फोनही बंद पडले. यंत्र कितीही चांगले असले, तरी ते केव्हातरी मुके होणारच, हे धरून चालणे शहाणपणाचे होय.

यावर उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी जाण्यायेण्याचा मार्ग, थांबण्याची ठिकाणे, गाडीचा क्रमांक व मुलांची यादी लिहून शाळेत एका जबाबदार व्यक्तीजवळ ठेवावी. कोणत्या ठिकाणाहून किती वाजता खुशाली कळविली जाईल, हे ठरवावे. तसेच निरोप न आल्यास किती वेळ वाट पाहावी व नंतर कोणास कळवावे, हेही ठरवावे. असे ठरलेले असले म्हणजे रेंज नसल्याने लागलेला थोडा विलंब घरच्यांना घाबरवीत नाही, आणि खरे संकट असेल तर शोध विनाविलंब सुरू होतो. काहीच ठरले नसेल, तर फोन न लागण्याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही.

वाटेत आणखी काही पथ्ये पाळावीत. रेंज शोधता शोधता फोनची बॅटरी लवकर उतरते. म्हणून एका शिक्षकाने आपला फोन राखून ठेवावा. शक्यतो दोन शिक्षकांजवळ निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे असावीत. आवाज तुटत असेल तेथे लहानसा लेखी संदेश पुष्कळदा पोहोचतो. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसरीची उपलब्ध असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो. तो लावून पाहावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. महत्त्वाचे क्रमांक कागदावरही लिहून घ्यावेत, कारण बंद पडलेल्या फोनमधील क्रमांक कोणाच्याच कामी येत नाहीत.

गणपतीपुळ्याच्या समुद्रात बुडून पर्यटकांचे प्राण गेले आहेत. तेथे फोन लागला, तरी मदत येईपर्यंत लाट थांबत नाही. म्हणून मुलांना पाण्यात उतरू न देणे आणि घटकेघटकेला त्यांची मोजणी करणे, ही कामे कोणत्याही यंत्रावर सोपविता येणार नाहीत.

सहलीपूर्वी एक तास या विषयाला द्यावा. प्रत्येक मुलाकडून पालकांचा क्रमांक पाठ करून घ्यावा, आणि चुकामूक झाल्यास कोठे थांबावयाचे ते सांगून ठेवावे. एवढी तयारी असेल, तर डोंगराआड फोन मुका झाला तरी शिक्षक व मुले गोंधळून जाणार नाहीत.