सातबारा कोरा, तरी जमीन परत

यवतमाळच्या झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यात शेत घेणारा माणूस सातबारा बघतो, दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत करतो, फेरफार मंजूर झाला की निर्धास्त होतो. पण सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. उलट काही सिद्ध होईपर्यंतच ती नोंद खरी मानली जाते.

मालक नसलेल्याने, खऱ्या मालकाच्या संमतीने, मालक म्हणून वावरत जमीन विकली तर प्रामाणिक खरेदीदाराला १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४१ संरक्षण देते. अट एकच, पण कडक: त्याने पुरेशी चौकशी केलेली हवी.

गोंड, कोलाम, आंध, परधान यांच्या यवतमाळात मात्र ही ढाल अनेकदा तोकडी पडते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या शेतजमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. त्यात कायदेशीर खरेदीखतेही आली. १५ मार्च १९७१ नंतर पुढे विकत घेणाराही सुटला नाही. परतफेड म्हणून आकारणीच्या ४८ पट रक्कम आणि सुधारणांची किंमत. सारा किती नाममात्र असतो हे ठाऊक असलेल्याला त्या ४८ पटीचे हसू येईल. तरीही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८४मध्ये कायदा वैध ठरवला, आणि ते योग्यच झाले: सावकारी कर्जापायी गेलेल्या जमिनींत सौदा बरोबरीचा नव्हताच.

६ जुलै १९७४नंतर आदिवासीने बिगर-आदिवासीला केलेल्या विक्रीला महसूल संहितेचे कलम ३६-अ लागते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. म्हणून चालू उताऱ्यावर न थांबता १९५७पर्यंतचे जुने फेरफार काढावेत आणि मूळ खातेदार कोण होता ते तपासावे.