खेळ आणि कर्ब (लेखांक ४) : साठ वर्षांवर वाटलेलं स्टेडियम

कतारमधला २०२२चा फुटबॉल विश्वचषक ‘कार्बन न्यूट्रल’ असेल, असं फिफा आणि यजमानांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. फिफाच्याच अंदाजाने स्पर्धेचं उत्सर्जन ३६ लाख टनांच्या वर जाणार होतं. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा प्रवासाचा, तो मागच्या लेखांकात पाहिला. आज बांधकामाचा रकाना उघडू. कागदावरच्या हातचलाखीला खरा वाव तिथेच आहे.

आठपैकी सात स्टेडियम नवी उभारली गेली. सिमेंट आणि पोलाद तयार होतानाच त्यांचा कर्बवायू हवेत गेलेला असतो, पुढे तिथे सामना होवो वा न होवो. हिशेबात मात्र कायमस्वरूपी स्टेडियमचं आयुष्य ६० वर्षं धरलं आणि त्यातले फिफाच्या वापराचे दिवस तेवढे फिफाच्या खात्यावर टाकले. लग्नासाठी घेतलेल्या शालूची किंमत साठ वर्षांवर वाटायची आणि लग्नखर्चात फक्त नेसल्या दिवसाचे पैसे लिहायचे, त्यातलाच प्रकार.

अशी वाटणी मुळातच खोटी नाही. मैदान वर्षानुवर्षं भरत असेल, तर ती रास्तच. पण सुमारे तीस लाख वस्तीच्या देशात, दोहाच्या आसपास एवढी मैदानं विश्वचषक नसता तर बांधली असती का? ‘कार्बन मार्केट वॉच’ या संस्थेने मे २०२२मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. कायमस्वरूपी स्टेडियमांचा भार दाखवला त्याच्या आठपट असू शकतो, असा तिचा अंदाज होता.

कौतुक झालं ते ‘स्टेडियम ९७४’चं. मालवाहू कंटेनर रचून केलेलं, सुटं करून दुसरीकडे नेता येईल असं. कल्पना चांगलीच आहे, पण फायदा किती, हे ते किती वेळा आणि किती लांब हलवलं जातं त्यावर ठरणार. डिसेंबर २०२४मध्ये तर फिफाचेच सामने त्याच जागी, त्याच स्टेडियमात झाले!

‘कार्बन न्यूट्रल’च्या दाव्याविरुद्ध पाच देशांतून तक्रारी गेल्या. जाहिरातींची सचोटी पाहणाऱ्या स्विस आयोगाने जून २०२३मध्ये निकाल दिला: फिफाचा दावा सिद्ध होत नाही, तो दिशाभूल करणारा आहे. हे न्यायालय नव्हे, जाहिरात क्षेत्राने स्वतःवर नेमलेला पहारेकरी. निकाल आला तेव्हा स्पर्धा संपून सहा महिने होत आले होते.

२०२६च्या स्पर्धेत संघ ३२वरून ४८, सामने ६४वरून १०४ आणि यजमान देश तीन. मैदानं आधीचीच असल्याने बांधकामाचा रकाना तिथे हलका, पण व्हँकुव्हरपासून मेक्सिको सिटीपर्यंत पसरलेल्या सामन्यांमुळे विमानाचा फुगलेला.

(पुढील आठवड्यात : २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधला कृत्रिम बर्फ)