झेंडा हलला, तरी शर्यत सुरू का होत नाही?

टूर द फ्रान्सचा एखादा टप्पा सुरू होताना पहिल्यांदाच पाहणाऱ्याला कोडं पडतं. दीडशेहून अधिक सायकलपटू गावातून निघतात, पण रमतगमत. कुणी शेजाऱ्याशी गप्पा मारतो, कुणी हातमोजे नीट करतो. पुढे संचालकांची लाल मोटार असते आणि तिला ओलांडायची कुणालाही मुभा नसते. गाव मागे पडलं की शर्यतीचे संचालक ख्रिस्तियान प्रुदोम मोटारीच्या छतातून उभे राहून पांढरं निशाण हलवतात आणि क्षणात सगळा घोळका सुसाट सुटतो. टप्प्याचे किलोमीटर आणि वेळ तिथून मोजायला सुरुवात होते. त्याआधीचा भाग म्हणजे 'न्यूट्रल' टप्पा. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार तो 10 किलोमीटरहून लांब नसावा.

हा निव्वळ मिरवणुकीचा सोहळा नाही. समजा, अशी शर्यत परभणीहून जिंतूरला न्यायची आहे. शहरातल्या चौकातून शंभर सायकली एकदम सुटल्या, तर पहिल्याच किलोमीटरला दुभाजक, गतिरोधक, वळणं आणि रस्त्यावर पुढे सरकलेली गर्दी आडवी येणार. त्यात पुढची जागा मिळवायची प्रत्येकाला घाई.

या घाईमागे हवेचं गणित आहे. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, तर लागणारी ताकद घनाच्या पटीत. म्हणजे वेग दुप्पट, तर त्यासाठी ताकद जवळपास आठपट. म्हणून सगळे एकमेकांच्या आडोशाला राहतात. संशोधक बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 121 सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या आत खोलवर असलेल्याला, एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत, हवेचा जेमतेम 5 ते 10 टक्के रोध सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं.

पण आडोसा हवा, तर पुढच्याच्या चाकाला अगदी चिकटून राहावं लागतं. ताशी 50 किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते. पुढच्याने ब्रेक दाबला हे कळून आपली बोटं ब्रेकवर आवळायला अर्धा सेकंद जरी लागला, तरी तेवढ्यात 7 मीटर संपलेले असतात. मधलं अंतर मात्र वीतभर. शिवाय मागच्याला रस्ता दिसतच नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा डांबरी रस्ता जागोजागी उंचसखल होतो. एकट्याला तो उंचवटा चुकवता येतो, घोळक्यातला थेट त्यावर आदळतो.

पुढच्याने थोडासा ब्रेक दाबला की मागच्याला जरा जास्त दाबावा लागतो, त्याच्या मागच्याला आणखी जास्त. वेग कमी होण्याची ही लाट मागे मागे वाढत जाते. जपानी संशोधकांनी 2008 मध्ये हेच मोटारींवर दाखवून दिलं. 230 मीटर परिघाच्या वर्तुळात 22 मोटारी फिरवल्या. वाटेत काहीही अडथळा नसताना कोंडी आपोआप तयार झाली. मोटारींची कोंडी होते, सायकलींची पडझड. हाच धक्का ताशी 25 च्या वेगाने बसला, तर ताशी 50 च्या तुलनेत गतिज ऊर्जा एक चतुर्थांशच असते. खरचटण्यावर निभावतं.

शरीरालाही या संथ किलोमीटरांचा उपयोग होतो. एकदम जोर लावला की स्नायूंची प्राणवायूची मागणी तत्क्षणी वाढते, पण पुरवठा त्या पातळीला पोहोचायला दोन-तीन मिनिटं जातात. तोवरची तूट प्राणवायूविना मिळणाऱ्या ऊर्जेतून भागते आणि पाय लवकर भरून येतात. एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवण्याच्या शर्यतीआधी खेळाडू जागच्या जागी सायकल मारून घाम काढतात तो याचसाठी. लांब टप्प्यात ते काम बऱ्याच अंशी न्यूट्रल भागात होतं. इथे कुणाची सायकल पंक्चर झाली, कुणी पडलं, तर तो परत येईपर्यंत निशाण लांबवता येतं. संघांच्या मोटारींनाही मागे ठरल्या क्रमाने लागायला वेळ मिळतो.

जानेवारी 2026 मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूरने यूसीआयच्या दर्जाची टप्प्यांची शर्यत आपल्या राज्यात आणली. जिल्ह्याजिल्ह्यांत सायकल शर्यती भरवणाऱ्यांनी तिच्याकडून चकचकीत कमानींऐवजी ही शिस्त उचलावी. पाहुण्यांच्या हस्ते झेंडा खुशाल चौकात दाखवावा. पण पुढे एक मोटार ठेवावी, तिला ओलांडणाऱ्याला पंचांनी बाद करावं आणि घड्याळ शहराबाहेर, मोकळ्या रस्त्यावर सुरू करावं. याला वेगळा खर्च नाही, आणि पोरं धडधाकट घरी परततील.