लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड व्हर्च्युअल मशीनला द्यायचंय?

रोजचं काम लिनक्सवर आणि केव्हीएमवरच्या व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला खरंखुरं ग्राफिक्स कार्ड, असा बेत असेल तर कार्डाचं मॉडेल सगळ्यात शेवटी बघा. आधी बायोसमध्ये इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू चालू करता येतं का, ते तपासा. कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायला ते लागतंच; व्हर्च्युअल मशीन चालवणारं नुसतं व्हीटी-एक्स पुरत नाही.

खरी गोम एचडीएमआय पोर्टात आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं. मग वेगळं कार्ड विंडोजला दिलं तरी चित्र त्या पोर्टातून बाहेर पडायला वाटच उरत नाही. एचडीएमआय किंवा यूएसबी-सी थेट वेगळ्या कार्डाला जोडलेलं मॉडेलच घ्या. (विक्रेत्याला विचाराल तर तो रॅम दाखवेल!) स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडायची ते बदलणाऱ्या मक्स स्विचवर भुलू नका, तो बहुतेकदा लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनपुरता असतो.

एनव्हीडियाने २०२१ मध्ये ४६५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून जीफोर्स कार्डांना पासथ्रूची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला थेट देण्याची, मुभा दिली. तरी लॅपटॉपवर विंडोजमध्ये कार्ड बंद पाडणारा 'कोड ४३' हा एरर भेटू शकतो, कारण ड्रायव्हर बॅटरी शोधतो आणि व्हर्च्युअल मशीनला ती नसते. एसीपीआय टेबलातून खोटी बॅटरी दाखवली की बहुधा काम होतं.

रॅम माझ्या मते ३२ जीबी हवीच. तुमच्या लॅपटॉपचं एचडीएमआय कोणत्या कार्डाला जोडलंय, ते मॉडेलसकट जरूर कळवा.