जुळवणाऱ्याचे काय जाते?

‘लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. करणाऱ्याची जोखीम या म्हणीत नोंदली गेली आहे. जुळवणाऱ्याची नाही, कारण त्याला ती बहुधा नसतेच. ‘क्लूलेस’ हा १९९५ चा अमेरिकी विनोदी चित्रपट हेच हसत हसत सांगतो.

जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीवरून एमी हेकरलिंग यांनी तो बेतला. कादंबरीतील एमा एकविशीच्या उंबरठ्यावरची; चित्रपटाची नायिका मात्र पंधरा-सोळा वर्षांची शाळकरी मुलगी. गुण वाढवून मिळावेत म्हणून ती दोन एकाकी शिक्षकांचे सूत जुळवते. यशाने हुरळून मग ती एका मैत्रिणीला तिच्या आवडत्या मुलापासून दूर करून श्रीमंत मुलाकडे वळवते. त्याला हवी असते ती स्वतः नायिकाच! मन मोडते ते मैत्रिणीचे. हेतू चांगलाच होता. परंतु निर्णयाचा तोटा ज्याला सोसावा लागत नाही, त्याला दुसऱ्याचे मन जाणून घेण्याची निकडही वाटत नाही.

पडद्यावर ही चूक निस्तरते, म्हणून तिचा विनोद होतो. आपल्याकडे त्याच वयाच्या कित्येक मुलींचे स्वतःचेच लग्न इतरांनी जुळवलेले असते. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डीची कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर. जोडी लवकर लावण्यामागे असे अर्थकारण असते. वयात आलेल्या मुलीला सहा महिने कोणाच्या भरवशावर मागे ठेवावे, ही चिंताही खरी. सोयरीक सुचवणारा नातेवाईक तिच्या भल्याचेच बोलतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झाली होती.

२००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा अशा विवाहास प्रोत्साहन देणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंतची सक्तमजुरी सांगतो. जोखमीचा वाटा जुळवणाऱ्याच्या पदरी टाकणे, हे त्याचे मर्म. मात्र खबर मिळाल्यावाचून कायदा हलत नाही, आणि हजेरीपटावरची रिकामी जागा सर्वांआधी दिसते ती वर्गशिक्षकाला. चित्रपटात शिक्षकांचे लग्न विद्यार्थिनीने जुळवले. येथे विद्यार्थिनीचे लग्न थांबवणे पुष्कळदा शिक्षकांच्या हाती असते.